बोरघाट कोणीं बांधिला?

पुण्याहून मुंबईस जातांना खंडाळा मागें पडून गाडी घाट उतरूं लागली म्हणजे बोलकीं माणसेंहि क्षणभर गप्प होतात. एका अंगास काळाकभिन्न कडा, दुसऱ्या अंगास उल्हास नदीचें खोल खोरें, आणि पावसाळ्यांत जागोजाग कोसळणारे शुभ्र प्रपात! हें दृश्य पाहून ज्याचें मन उचंबळत नाहीं असा प्रवासी विरळा. परंतु ज्या वाटेवरून आपण हें सर्व पाहतों ती वाट कोणीं केली, हा प्रश्न कितीजणांस सुचतो?

ग्रंथांत याचें उत्तर सांपडतें. जनरल वेलस्ली यांनीं १८०४ सालीं तोफा नेण्याजोगा मार्ग करविला आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं १८३० सालीं गाडीरस्ता खुला केला. हें उत्तर खोटें नव्हे. पण आमच्या मतें तें अपुरें आहे. हुकूम साहेबांचा होता. पहार व घण मात्र दुसऱ्यांच्या हातीं होते.

पुढें याच घाटांत १८५६ सालीं लोहमार्गाचें काम निघालें व १८६३ सालीं तें पुरें झालें. त्यासाठीं पंचवीस बोगदे खोदावे लागले. १८६१ सालीं सुमारें ४२,००० मजूर येथें राबत होते. पटकीनें व अपघातांनीं त्यांतील कित्येक दगावले. मजुरी थकल्यामुळें १८५९ सालीं त्यांनीं दंगाहि केला. त्याच सालीं ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल वारले व त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनीं काम तडीस नेलें. त्या बाईंचें नांव इतिहासानें जपलें, हें योग्यच झालें. पण त्या हजारों मजुरांचीं नांवें कोठें आहेत?

कोणी म्हणेल, मजुरांस मजुरी मिळाली, मग नांव कशास हवें? आम्ही विचारतों, पगार गव्हर्नरासहि मिळत नव्हता काय?

नांव राखण्याची रीत आपल्या देशांत नव्हती असेंहि नाहीं. घाटमाथ्याजवळच कार्ल्याचें लेणें आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या तेथील शिलालेखांत धेनुकाकट येथील सामी नांवाच्या सुताराचें नांव कोरलेलें आहे. लेण्याचें द्वार त्यानें घडविलें. जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचें देऊळ आहे. या धनगरानें इंग्रजांस घाटाची वाट दाखविली, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, तेथें नाणें टाकून पुढें जाणारा मोटारहांक्या एका श्रमकऱ्याचें ऋण मानतो, एवढें खरें.

विद्यार्थिमित्रहो, चार बुकें शिकल्यावर कुदळीची लाज वाटूं लागली तर तें शिक्षण कसलें? २००२ सालीं पुरा झालेल्या द्रुतगति मार्गानें आतां घाट कांहीं मिनिटांत सरतो. तेवढ्या वेळांत पालकांनीं आपल्या मुलांस एकच गोष्ट सांगावी: बाळांनो, हा कडा माणसांनीं हातांनीं फोडिला आहे.