कुष्ठरोग : जंतू मेल्यानंतरचा प्रश्न

बाबा आमटे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेण्यास गेले, तेव्हा कुष्ठजंतू वाढविण्याच्या प्रयोगासाठी त्यांनी स्वतःचा देह देऊ केला होता. प्रयोग फसला, जंतू त्यांच्या शरीरात रुजले नाहीत. या प्रसंगाकडे आपण आजवर त्यागाची कथा म्हणून पाहिले, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या अपयशात एक शास्त्रीय तथ्यही दडलेले होते. सुमारे पंच्याण्णव टक्के माणसांच्या शरीरात या जंतूचा बंदोबस्त करण्याची शक्ती निसर्गतःच असते. रोग कोणाला व्हावा आणि कोणत्या रूपात व्हावा, हे जंतूपेक्षा देहाच्या प्रतिकारव्यवस्थेवर अधिक अवलंबून असते.

या तथ्याची आठवण करून देण्याचे कारण असे, की आनंदवन ज्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे तो, आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, हे दोन्ही जिल्हे महाराष्ट्रात कुष्ठरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत मोडतात. राष्ट्रीय पातळीवर मात्र डिसेंबर २००५ मध्येच हे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले. ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या’ म्हणून रोग दूर झाला, असे त्या घोषणेचे शब्द होते. लोकांच्या कानी त्यातला ‘दूर झाला’ एवढाच भाग पडला. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातले आहेत.

प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाने या रोगाचे जे चित्र उभे केले आहे, ते विलक्षण आहे. रिडले आणि जॉपलिंग यांनी १९६६ साली कुष्ठरोगाची जी वर्गवारी मांडली, तिचा पायाच शरीराचा प्रतिसाद हा आहे. एका टोकाला ज्याच्या पेशी जंतूवर तुटून पडतात असा रुग्ण असतो. त्याच्या अंगावर मोजके बधिर चट्टे उठतात आणि जंतू शोधूनही सापडत नाहीत. दुसऱ्या टोकाला ज्याचे शरीर या जंतूला जणू ओळखतच नाही असा रुग्ण असतो. त्याच्या त्वचेत जंतूंचा सुकाळ असतो. बहुसंख्य रुग्ण या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतात, आणि धोका या मधल्यांनाच मोठा. त्यांची प्रतिकारशक्ती एकाएकी उसळते. चट्टे लाल होऊन सुजतात, नसा दुखू लागतात, आणि वेळीच प्रेडनिसोलोन मिळाले नाही तर हाताची बोटे वाकतात, पाऊल लुळे पडते. आरोग्य कर्मचारी आणि रुग्ण दोघेही याला ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात. नस निकामी होऊ लागल्यापासून साधारण सहा महिन्यांच्या आत उपचार झाला, तर ती सुधारण्याची आशा असते. पुढे ती आशा मावळते.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की हे सारे जंतू मेल्यानंतरही घडते. मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीरात दीर्घकाळ राहतात आणि प्रतिकारव्यवस्था त्यांच्याशी लढत बसते. इकडे सहा किंवा बारा महिन्यांची औषधे संपताच नोंदवहीत रुग्णाच्या नावापुढे ‘उपचार पूर्ण’ असा शेरा पडलेला असतो.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही साठा आणि प्रवाह यांतील भेद शिकवितो. उपचार घेत असलेले रुग्ण हा साठा; दरवर्षी सापडणारे नवे रुग्ण हा प्रवाह. २००५ ची कसोटी साठ्यावर बेतलेली होती : दहा हजारांमागे एकाहून कमी. बहुजंतू रुग्णांचा उपचारकाल चोवीस महिन्यांवरून बारावर आणला गेला, तेव्हा एकही नवा संसर्ग न टळता साठ्याचा आकडा घटला. काल कमी करण्यामागे वैद्यकीय कारणे होती आणि ती रास्तही होती. पण ज्या आकड्यावर आपण यश मोजले, त्यात बोटे वाकण्याचा हिशेब कधीच नव्हता.

हा हिशेब मग कोणाच्या खात्यावर जातो? या जिल्ह्यांत उपजीविका हातापायांवर उभी आहे. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, मोहफुले वेचायची, पावसाळा लागला की चिखलात उतरून धानाची रोवणी करायची. बधिर पायाला काटा बोचल्याचे कळत नाही, बधिर हाताला चुलीवरच्या भांड्याचा चटका समजत नाही. जखम चिघळते, मजुरी बुडते, आणि घरातले आणखी एक माणूस शुश्रूषेत अडकते. सरकारी खर्चाच्या कोणत्याही तक्त्यात हा तोटा दिसत नाही, कारण तो संपूर्णपणे त्या कुटुंबाने सोसलेला असतो. त्या मानाने प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांची किंमत नगण्य आहे. महाग पडते ते त्या गोळ्यांची गरज वेळेत ओळखणारे माणूस. रुग्ण विरळ होत गेले, की एकेक रुग्ण शोधण्याचा खर्च वाढतो, आणि नेमका त्याच वेळी प्रशासनाला हात आखडता घेण्याचा मोह होतो.

संशोधनाची कथा याहून फारशी वेगळी नाही. दिल्लीत डॉ. तलवार यांनी आणि मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. देव यांनी कुष्ठजंतूच्या भाईबंदांपासून लशी तयार केल्या. तामिळनाडूतील क्षेत्रचाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मुंबईच्या लशीने सुमारे ६५ टक्के आणि बीसीजीने ३४ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. मुंबईची ती लस राष्ट्रीय कार्यक्रमात कधी आली नाही. रुग्णाच्या सहवासातील माणसांना आता रिफॅम्पिसिनची एक मात्रा देतात. ते चांगलेच आहे. मात्र रिअ‍ॅक्शन कोणाला येईल हे आधी सांगणारी, तालुक्याच्या ठिकाणी करता येईल अशी साधी रक्तचाचणी अद्याप हाती नाही. तीवर पैसा लागायला हवा, आणि तिचे क्षेत्रकार्य जेथे रुग्ण आहेत तेथेच, म्हणजे या दोन जिल्ह्यांत व्हायला हवे.

चाचणी येईल तेव्हा येवो. उपचार पूर्ण झाल्यावर दोन वर्षे रुग्णाचे नाव वहीत ठेवणे आणि दर तीन महिन्यांनी त्याच्या हातापायांची शक्ती व स्पर्शज्ञान तपासणे, यासाठी कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही. पहिली तपासणी तेंदूच्या हंगामापूर्वी आणि दुसरी रोवणी आटोपताच ठेवली, तर रुग्ण गावातच भेटतील.