पावसातल्या पेठा आणि आपले स्मरण

श्रावणातल्या भिजपावसात आम्ही दोघी शनिवारवाड्यापासून बुधवार पेठेपर्यंत चालत गेलो. १८२८च्या आगीनंतर वाड्याची तटबंदी आणि जोती उरली. मराठी ललित लेखनाने मात्र त्यांवर स्मरणरंजनाचे मजले चढवले. दगडूशेठ गणपतीसमोरच्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. मोडकळीस आलेला तो वाडा २०२३ साली स्मारकासाठी पाडला गेला. आम्ही शिकलो, आज शिकवतो, त्याची सुरुवात तिथली. तरी वाडा उभा असताना आम्ही विद्यार्थ्यांना एकदाही तिथे नेले नाही. स्मारक हवेच. पण पावसाळी पेठांवर हळव्या होणाऱ्या आपल्या अभिरुचीला नेमके तेच छप्पर खचताना दिसले नाही, हे निदान वर्गात तरी कबूल करायला हवे.