सातबाऱ्याची राखण

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. जेथे घरेच गेली तेथे पेटीतले कागद कुठले राहणार? सातबारा आता संगणकावर मिळतो, ही सोय अशा गावालाच खरी कळते. परंतु तो संगणक चालविणाऱ्याला आतले काय काय दिसते, हे क्वचितच कोणी विचारतो.

आज एकाच मोठ्या संगणकावर अनेक आभासी संगणक नांदतात, एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदावीत तसे. डिस्कवरील माहिती कुलूपबंद असली तरी काम चालू असताना ती मेमरीत उघडीच असते, आणि वाड्याचा मालक तेथे डोकावू शकतो. एएमडी कंपनीच्या एसईव्ही तंत्राने ही मेमरीच सांकेतिक होते; तिची किल्ली मालकाच्या हाती न पडता चिपमध्येच राहते. लिनक्सवरील केव्हीएम आणि क्यूईएमयू या मुक्त प्रणालींत ही सोय २०१८ साली आली. व्हीएमवेअर ही कंपनी ब्रॉडकॉमने २०२३ मध्ये विकत घेतली आणि कायमचे परवाने बंद करून वर्गणी सुरू केली. तेव्हा मुक्त प्रणालीचे मोल हिशेबनीसांनाही उमगले.

पण सोय असणे वेगळे आणि ती चालू करणे वेगळे. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता. त्या पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, सत्याग्रहाने. एसईव्हीही आधी मूळ संगणकात आणि मग प्रत्येक आभासी संगणकाच्या मांडणीत मुद्दाम चालू करावे लागते. चालू संगणक दुसऱ्या यंत्रावर हलविणे त्याने अवघड होते, म्हणून व्यवस्थापक टाळाटाळ करतात. त्यांची अडचण खोटी नाही; मात्र तिचा निवाडा त्यांनीच करावा हे गैर आहे.

मक्तेदारीही पुरती संपत नाही. प्रणाली वाचता येते, चिप वाचता येत नाही; विश्वास अखेर एएमडी किंवा इंटेलवरच ठेवावा लागतो. पहिल्या एसईव्हीतील उणिवा पुढे एसएनपी या सुधारित तंत्राने बऱ्याच भरून काढल्या, आणि लिनक्सच्या मूळ प्रणालीत त्याचा यजमान-आधार २०२४ मध्ये आला. तेव्हा सरकारी निविदांत एवढी अट तरी हवी: नोंदींची किल्ली देण्यापूर्वी चिपचे प्रमाणपत्र महसूल खात्याने स्वतः तपासावे, कंत्राटदाराने नव्हे.