१८० नॅनोमीटरवर हसणाऱ्यांसाठी

मंडळी, ग्रुपवर तो मेसेज परत फिरायला लागलाय. इस्रोची ‘विक्रम ३२०१’ चिप १८० नॅनोमीटरची आणि आपला मोबाइल तीन-चार नॅनोमीटरचा, म्हणजे देश वीस वर्षं मागे! खाली हसणाऱ्या इमोजींची रांग.

हबल दुर्बिणीत १९९९ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी नवा कॉम्प्युटर बसवला, तो ४८६ चा. तेव्हा बाजारात पेंटियम-३ मिळत होता. २०२१ साली गेलेल्या जेम्स वेबमधला प्रोसेसर ११८ मेगाहर्ट्झचा. हजार कोटी डॉलरच्या दुर्बिणीत! परवडत नव्हता म्हणून नाही हो. वर किरणांचा मारा असतो. एखादा कण आदळला की मेमरीतल्या शून्याचा एक होतो, नशीब फुटकं असेल तर चिपच जळते. आणि वेब आहे १५ लाख किलोमीटरवर, मेकॅनिक कुठून पाठवणार?

पण ‘जुनं तेच चांगलं’ असंही मला म्हणायचं नाही. वांगणीला आकाशदर्शनाला जाऊन आलेल्यांना माहीत असेल, दुर्बिणीतही तारा थरथरतो. ती हवेची करामत. ती काढायला आरसा सेकंदाला शेकडो वेळा किंचित वाकवतात, त्याला अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात. पुण्याच्या आयुकाने कॅलटेकबरोबर ‘रोबो-एओ’ ही अशीच यंत्रणा बनवली. अंतराळात हवा नाही, पण ऊन-सावलीने आरसा हलतोच, दुर्बीणही थरथरते. वेबचे १८ आरसे सावकाश सरकतात, म्हणून फोटो खाली येतात, गणित जमिनीवर होतं आणि हुकूम वर जातो. तिथे मंद प्रोसेसर चालून जातो. नासाच्या रोमन दुर्बिणीत मात्र ताऱ्याचा झगमगाट दाबून शेजारचा ग्रह बघायचाय. त्यासाठी दोन लवचिक आरसे, प्रत्येकामागे ४८ गुणिले ४८ म्हणजे २३०४ ढकलण्या. थरथर वरच्यावर सावरायची, बारीक गणित खाली पाठवायचं, अशी वाटणी केलीय.

म्हणजे आधी ठरवायचं की कुठलं गणित वर करायचं, मग चिप निवडायची. विक्रम रॉकेटसाठी केली, मोहालीत बनली, पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत अंतराळात तपासलीही गेली. तिचं काम ती करते. हजारो ढकलण्यांचं गणित हे तिचं कामच नाही, त्याला वेगळी चिप लागेल. ती परदेशातून घ्यायची तर तिथल्या सरकारची परवानगी लागते, आणि ती कधी अडेल याचा नेम नाही. आपली अ‍ॅस्ट्रोसॅट २०१५ ला गेली. पुढच्या मोठ्या दुर्बिणीसाठी आरशाच्या पैशाबरोबरच चिपचा आणि तिच्या किरणोत्सार-चाचण्यांचा पैसा पहिल्याच दिवशी मंजूर व्हायला हवा. या चाचण्यांचे फोटो पेपरात येत नाहीत, म्हणून कात्री तिथेच लागेल ही मला भीती. खासदारांना विचारायचंच तर हे विचारा.

पाऊस संपला की अमावस्येच्या आसपास वांगणीला जाऊ. येणाऱ्यांनी कमेंटमध्ये सांगा, मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांनी आधी.