पांढरीला हात लावण्याआधी

नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. रस्ते हवेत, घाटही हवेत. पण नदीकाठच्या पांढरीला, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाला, जेसीबी लावण्याआधी तिच्या पोटात कोण पुरलेलं आहे, हे पाहायलाच हवं.

विदर्भातली प्रागैतिहासिक दफनं निदान डोळ्यांना दिसतात. नागपूरजवळ जुनापाणीच्या माळावर दगडांची वर्तुळं शेकड्यांनी आहेत. माहूरझरीच्या वर्तुळांत तर तांब्याच्या साजासह घोडा पुरलेला सापडला. गोदावरी-भीमेच्या खोऱ्यांतल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी मात्र आपली माणसं घरातच ठेवली. घोडनदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. तिथे दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत तान्हं मूल आणि वर घराची जमीन. मोठ्यांना उत्तरेकडे डोकं करून निजवत आणि पावलं घोट्याखाली तोडत. मेलेला माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून, असा एक तर्क आहे. मला तो पटतो. ज्या जमिनीखाली लेकरू ठेवलं, तिच्यावरच ती आई रोज चूल पेटवत असणार. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात तर चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष मिळाला.

म्हणून आपल्याकडे वस्तीचं टेकाड आणि दफनभूमी वेगळी काढता येत नाही. नाशिकच्या मातीच्या गढीवर पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये खणलं, तेव्हा सातवाहन काळाच्याही खाली ताम्रपाषाणयुगाचा थर लागला. शहराचं वय आपण पुराणांतून सांगतो. ते त्या मातीत हाताला लागतं.

आणि हीच माती गावोगाव ट्रॉलीने उचलली जाते, धाब्यावर घालायला, शेतात टाकायला. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. कसदार माती फुकट मिळते आणि तिचं मोल त्याला कोणी सांगितलेलं नसतं. कायद्याचं कवच फक्त यादीतल्या स्मारकांना. बाकीची टेकाडं सातबाऱ्यावर नुसता गट नंबर असतात.

माझी मागणी साधी आहे. सिंहस्थाच्या प्रत्येक कामाच्या निविदेत खोदाईआधी पुरातत्त्वीय पाहणीची अट घाला. खापरं किंवा हाडं दिसताच काम थांबवण्याचा अधिकार जागेवरच्या अभियंत्याला द्या. गोदाकाठच्या गावांतल्या पांढरींची यादी ग्रामपंचायतींकडून मागवा. गावातल्या म्हाताऱ्यांना त्या जागा पाठ आहेत.