‘पास’ होणे आणि ‘पास’ करणे

कापसाच्या हंगामात सेलूच्या बाजारात वारंवार कानी पडणारे इंग्रजी क्रियापद म्हणजे ‘पास’. सीसीआयच्या खरेदीत ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की माल पास होत नाही, गाडी परत फिरते. त्या गाडीवरील एमएच ३२ हा क्रमांक पाहून ती ‘वर्धा पासिंग’ असल्याचेही सांगितले जाते. विलायतेतील माणसास हे उमगणार नाही. पासिंग म्हणजे नोंदणी, हा अर्थ आपणच त्या शब्दास दिला. पदवी घेतलेल्या मुलास आपण ‘पासआउट’ म्हणतो, तर इंग्रजांच्या लेखी त्याची शुद्ध हरपलेली असते. परदेशी सोयऱ्यांस वृत्त कळविताना एवढे ध्यानी असावे.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पाऊल. त्यावरून पुढे जाणे, ओलांडणे, दुसऱ्याच्या हाती देणे. बँक आणि खातेदार यांच्यात ये-जा करणारी वही, ती पासबुक.

इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा पास ‘करतो’, मराठीत तो पास ‘होतो’. शाळेपुरते हे ठीक. पेढीवर मात्र या ‘होण्या’त करणारा दिसेनासा होतो. ‘चेक पास झाला’ असे समोरचा व्यापारी फोनवर सांगतो, तेव्हा पुष्कळदा तो केवळ बँकेत भरलेला असतो. त्या शब्दावर माल सोडला आणि खात्यात रक्कम अपुरी म्हणून चेक परत आला, तर पुढचा मार्ग लांबचा आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ नुसार, चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यावर देणेकऱ्यास १५ दिवसांची मुदत असते. तेवढ्यात रक्कम आली नाही, तरच फौजदारी तक्रार.

बँकेत व्हाउचर आपोआप पास होत नाही. एक अधिकारी ते पास करतो आणि त्याखाली त्याची सही असते. हुंडीच्या काळीही हेच होते. हुंडी ‘सकारली’ म्हटले की सकारणारी पेढी कोणती, हे सर्वांस ठाऊक असे. आज घरच्या दुकानात मात्र ‘सूट पास झाली’, ‘उधारी पास झाली’ असे सर्रास ऐकू येते. कोणी केली, हे वडील मुलास विचारतात आणि मुलगा मुनीमजींकडे पाहतो.

सूट आणि उधारीच्या नोंदीपुढे पास करणाऱ्याची आद्याक्षरे असावीत. चेकच्या वहीत ‘पास’ हा शब्दच नसावा. ‘भरला’ आणि ‘वटला’ असे दोन रकाने पुरेत, प्रत्येकात तारीख. आणि दुसरा रकाना भरेपर्यंत मालाची गाडी गोदामासमोरच उभी राहावी.