विश्लेषण : भोंगे गप्प, रस्ते बंद... लाहायनातील कुटुंबे वाचली कशी?

8 ऑगस्ट 2023 रोजी हवाईतील माउई बेटावरचे लाहायना गाव काही तासांत जळून गेले. 102 जणांचा मृत्यू झाला, 2,200हून अधिक इमारतींची राख झाली. समुद्रात उड्या मारून जीव वाचवणाऱ्यांच्या कहाण्या जगभर गाजल्या. तटरक्षक दलाने 17 जणांना पाण्यातून बाहेर काढले. या धाडसाचे कौतुक व्हायलाच हवे. पण लेकराबाळांसह समुद्रात उतरण्याची वेळ लोकांवर का आली?

आग एवढी कशी भडकली?

उसाचे मळे बंद पडल्यावर त्या जमिनींवर बाहेरून आलेले उंच गवत माजले होते. ते वाळून कोळ झालेले, त्यात सोसाट्याचा वारा. सकाळी विजेच्या तुटलेल्या तारांमुळे लागलेली आग विझली असे समजून अग्निशमन दल परतले आणि दुपारी तीच पुन्हा पेटली, असे 2024 मधील चौकशी अहवाल सांगतो.

इशारा मिळाला नाही?

मोबाइलवर संदेश गेले, पण वीज आणि नेटवर्क दोन्ही गायब असताना ते पोहोचणार कसे? बेटावर 80 भोंगे होते. एकही वाजवला गेला नाही. भोंगा ऐकून लोकांना त्सुनामी आली असे वाटले असते आणि ते डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच धावले असते, असे स्पष्टीकरण आपत्कालीन व्यवस्थापन प्रमुख हर्मन अंदाया यांनी दिले. दुसऱ्याच दिवशी प्रकृतीचे कारण देत त्यांनी राजीनामा दिला. वास्तविक हे भोंगे वणव्यासाठीही आहेत, असे सरकारी संकेतस्थळावरच लिहिलेले होते!

मग वाचले कोण?

तारा आणि खांब पडल्याने रस्ते अडवण्यात आले होते. किनाऱ्यालगतच्या फ्रंट स्ट्रीटवर गाड्या अडकून पडल्या. बॅरिकेडला वळसा घालून निघालेली काही कुटुंबे सुखरूप बाहेर पडली. रांगेत अडकलेल्या काहींना गाडीतच मृत्यूने गाठले. सूचना मोडणारा तरला, ही यंत्रणेची सर्वांत मोठी नामुष्की. पुढच्या वेळी पोलिसांचे कोण ऐकणार?

कॅलिफोर्नियातील पॅराडाइज गावात नोव्हेंबर 2018 च्या वणव्यात 85 जण दगावले. तिथे विभागवार स्थलांतराचा आराखडा होता, सरावही झाला होता. पण एकेक विभाग रिकामा करण्याऐवजी अख्खे गाव एकदम निघाले आणि रस्ते तुंबले. तेव्हा अडकलेल्या अनेकांना दुकानांसमोरच्या मोकळ्या डांबरी पार्किंगमध्ये थांबवण्यात आले. जळण्यासारखे काही नसल्याने भोवती आग असूनही ते वाचले. बाहेर पडणे अशक्य झाले तर गावात थांबायचे कुठे, हे आधीच ठरवून तसे फलक लावायला फार पैसा लागत नाही. भोंग्यांना लागतो, पॅराडाइजने नंतर तेही उभारले.